गाळाबरोबर आलेलं तण : बालाघाटच्या माळावरचे तीन पावसाळे

माळावर तलावाचा गाळ टाकला की पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत रान हिरवंगार होतं. बांधावरून बघणाऱ्याला ते बरं वाटतं. उकिडवं बसून बघितलं की त्या हिरवळीची फोड होते. गाजरासारखी कातरलेली पानं जमिनीला चिकटून गोल पसरलीत, ते गाजरगवत. चकचकीत, मधोमध पन्हळ पडलेली पाती, आणि फुलाचा दांडा बोटांत फिरवला तर तीन धारा लागतात, तो लव्हाळा. लांबट, जाड दोन दळांचं रोप म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या काटेरी फळांचा मोठा गोखरू. पेरापेराला मुळ्या सोडत सरपटणारी ती हराळी. ती बहुतेकदा आपल्याच जुन्या बांधावरून आत शिरलेली असते. यातलं कोण बियांनी वाढतं आणि कोण जमिनीखालच्या काशांनी-गड्ड्यांनी, हे पहिल्या पंधरवड्यातच ओळखावं लागतं. एकाला मारणारा उपाय दुसऱ्याची लावण करतो.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या माळावर चार एकर बरड गाळ टाकून वहितीला आणली, त्या तीन पावसाळ्यांच्या कामाची ही हकिगत. वर वीतभरसुद्धा माती नव्हती, खाली सगळा मुरूम. पाऊस ६००-७०० मिलिमीटर म्हणायचा, पण तो मधे दोन-तीन आठवड्यांचा खंड घेणार हे धरूनच चालायचं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मराठवाड्यातले कित्येक तलाव तळाला गेले होते. २०१७ मध्ये राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि तलावांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. गाळ किती टाकायचा, कोणत्या भावाने न्यायचा, यावर पारावर तासन्‌तास बोलणं होतं. गाळाबरोबर काय येतं, यावर फारसं होत नाही. आमच्या मते तणाचा बंदोबस्त गाळ उचलायच्या आधी, तलावातच सुरू करायला हवा.

तलाव आटतो तो काठाकडून मध्याकडे. जो पट्टा डिसेंबर-जानेवारीतच उघडा पडतो, त्यावर ओल असते, ऊन असतं, राखण कुणाची नसते. तिथे पिवळा धोतरा, गाजरगवत आणि गोखरू मार्चपर्यंत बी धरून मोकळे होतात. एप्रिलपर्यंत पाण्याखाली राहिलेला मधला भाग त्या मानाने स्वच्छ असतो. नाला जिथे तलावाला मिळतो ते तोंड तर टाळायचंच. पाणी तिथे संथ होतं आणि जड वाळू आधी टाकतं, म्हणून गाळ रेताड असतो. वरच्या शिवारातून वाहून आलेलं बी तिथेच थांबतं आणि बेशरमीचं रानही तिथेच माजलेलं असतं. बेशरमीच्या खोडाचा हातभर तुकडा ओल्या गाळात आला तरी फुटतो. भिंतीकडचा गाळ बारीक आणि कसदार, पण भिंतीच्या पायथ्याला हात लावायचा नाही. खात्याचे लोक आखून देतील तेवढंच खोदायचं.

गाळ पारखायची साधी रीत अशी. फेब्रुवारीच्या शेवटी तलावाच्या उघड्या भागात दहा ठिकाणं निवडायची. प्रत्येक ठिकाणी वरच्या अर्ध्या फुटातला एक नमुना आणि एक ते दोन फूट खोलीवरचा दुसरा, असे दोन वेगळे घ्यायचे. बुडाला भोकं पाडलेल्या घमेल्यांत दोन इंच थर पसरायचा, उन्हात ठेवायचा, झारीने रोज पाणी द्यायचं. वर पोतं झाकायचं नाही, कारण बऱ्याच तणांचं बारीक बी उजेडाशिवाय उगवत नाही. तीन आठवड्यांनी मोजायचं, उगवलेलं उपटायचं, माती खालीवर करायची आणि आणखी दोन आठवडे पाणी द्यायचं. आमच्याकडे वरच्या थराच्या घमेल्यांत गालिचा उगवला; खालच्या थराच्या बहुतेक घमेल्यांत बोटावर मोजण्याइतकी रोपं होती, दोन अगदी कोरी राहिली. एक लक्षात ठेवा : पिवळा धोतरा थंडीत उगवतो, तो मार्चच्या घमेल्यात दिसणार नाही. त्याच्यासाठी तलावात फिरून वाळलेली काटेरी बोंडं शोधायची. बोंड फोडलं की मोहरीसारखं काळं बी सांडतं.

लव्हाळ्याची परीक्षा वेगळी. घनफूटभर गाळ वाळवून, फोडून, वाळूच्या चाळणीतून काढायचा. वर राहिलेल्या खड्यांत हरभऱ्याएवढे, काळपट, केसाळ गड्डे सापडतात. नखाने खरवडलं तर आत पांढरं निघतं आणि नागरमोथ्याचा वास येतो. असा गड्डा ज्या जागी सापडला, तिथला गाळ फुकट मिळाला तरी न्यायचा नाही. गाजरगवत दोन-तीन वर्षांत आटोक्यात येतं. लव्हाळा एकदा रानात शिरला की हयातभराचा सोबती होतो.

यावरून ठरलं की तलावाचा वरचा अर्धा फूट जेसीबीने खरवडून बाजूला काढायचा आणि खालचा गाळ रानात न्यायचा. खरवडलेला थर टाकायला रानातच पावसाने कोरलेली, पुरुषभर खोल ओघळ होती. ती त्या गाळाने निम्मी भरली, वर मुरूम दाबला आणि शेवटचे दोन फूट स्वच्छ गाळाचे दिले. एवढ्या खोलीवरून गाजरगवताचं बी वर येत नाही. लव्हाळ्याचा गाळ मात्र ओघळीतही टाकला नाही.

टिप्पर आणि जेसीबी दुसऱ्या तलावावरून थेट येतात, तेव्हा बकेटीच्या दातांत, चाकांच्या खाचांत तिथली माती असते. तलावावरच टिकावाने खरवडून, पाणी मारून ती काढायला लावायची. चालकाची अर्ध्या तासाची कुरकुर ऐकून घ्यायची.

गाळ येण्याआधी मूळ जमिनीवरचं जुनं तण काढणं हे दुसरं काम, आणि ते आदल्या हिवाळ्यातच व्हायला हवं. चार इंच गाळाखाली दबलेली हराळी मरत नाही. खुराक मिळाल्यासारखी दुप्पट जोमाने वर येते.

आमच्या माळावर दोन दांडगी तणं होती, बांधावरची हराळी आणि मधे विखुरलेली वेडी बाभूळ. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली तर बुडख्यापासून आठ-दहा फोक फुटतात आणि एका झाडाचं झुडूप होतं. फुटवे येणारा भाग जमिनीच्या थोडा खाली, मुळाच्या मानेशी असतो. म्हणून फूटभर खोल जाऊन मानेसकट खोड उपटायचं. जेसीबीने मोठी निघतात, बारकी कुदळीने. खाली उरलेली मुळं तिथेच कुजतात. त्यानंतरही दोन पावसाळे बियांची रोपं येत राहतात. चार पानांवर असताना ओल्या जमिनीतून दोन बोटांनी निघतात, वर्षभराने कुदळ लागते.

मेंढ्या बसवण्याची आपल्याकडे जुनी चांगली पद्धत आहे, आणि नव्या गाळाच्या रानाला लेंडीखताची गरजही असते. पण वेडी बाभळीच्या पिवळ्या गोड शेंगा उन्हाळ्यात पिकून पडतात आणि जनावरं त्यावर तुटून पडतात. त्यातलं बरंचसं बी लेंडीतून, शेणातून शाबूत बाहेर येतं आणि खतासकट पेरलं जातं. कळप शेंगांच्या रानातून येत असेल तर आधी चार-पाच दिवस दुसऱ्या जागी बसू द्यावा, मग आपल्याकडे घ्यावा. दिवाळीनंतरचा कळप त्या दृष्टीने निर्धोक.

हराळीचं औषध म्हणजे एप्रिल-मेचं ऊन. बांधाच्या कडेला कुदळीने आणि आत पलटी नांगराने आठ-नऊ इंच खोल उलथायचं, ढेकळं तशीच उघडी ठेवायची. आठवड्याने दाताळ्याने काशा ओढून, माती झटकून वर पसरायच्या, चार दिवसांनी उलटायच्या. काशी मेली की नाही हे वाकवून बघायचं : कट्‌ आवाज करून तुटली तर मेली, चामड्यासारखी वाकली तर जिवंत. जिवंत काशा आणखी आठवडाभर उन्हात ठेवायच्या आणि मग ढीग करून जाळायच्या. मधे वळवाचा पाऊस पडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हे काम गुढीपाडव्याला सुरू करून अक्षय तृतीयेपर्यंत आटपलं तर बरं. मेच्या शेवटाला सुरू केलेलं वाया जातं.

गाळ पसरण्याचं थोडक्यात. एका एकरावर चार इंचांचा थर म्हणजे सुमारे ४११ घनमीटर, १४५ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण ब्रासभर धरा. पसरल्यावर मोगडा उभा-आडवा मारून तो खालच्या मुरमात मिसळायचाच. मिसळला नाही तर पाणी दोन थरांच्या सांध्यावर अडतं, खंडाच्या दिवसांत वरच्या काळ्या थराला बोटभर रुंद भेगा पडतात आणि गाजरगवताचं बी त्या भेगांतून खोल जातं. पृष्ठभागावर पडलेलं हे बी एक-दोन वर्षांत बरंचसं उगवतं किंवा मरतं. खोल गाडलेलं कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि पुढे कधीतरी नांगरट केली की वर येतं.

आता पहिला पाऊस. इथे कोरडवाहू शेतकऱ्याची खरी ओढाताण होते. मृगात दोन-तीन इंच पाऊस झाला की हात पेरायला शिवशिवतात. नव्या गाळाच्या रानात पहिल्या वर्षी पहिल्या वापशावर पेरू नये. पावसानंतर आठ-दहा दिवस थांबायचं, तण दोन-तीन पानांवर आलं की वखराची पाळी द्यायची. पुन्हा पाऊस, पुन्हा आठ-दहा दिवस, पुन्हा पाळी. मग पेरणी. वखर दोन इंचांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. खोल गेला की खालचं नवं बी उजेडात येतं आणि आधीच्या दोन पाळ्यांची मेहनत फुकट जाते. पाळी सकाळी दहानंतर, आभाळ मोकळं बघून. ढगाळ दिवशी उलथलेला केना आणि घोळ पडल्या जागी मुळ्या धरतात.

पाळ्यांच्या मधे पावसाने ताण दिला तरी पाळी चुकवायची नाही. वरची भुसभुशीत धूळ खालची ओल धरते. उलट झड लागली तर वखर चालत नाही आणि तण गुडघ्याला येतं. तेव्हा ते फुलायच्या आत विळ्याने किंवा पट्टीच्या यंत्राने कापून तिथेच पसरायचं आणि वापसा आला की वखरायचं.

दोन पाळ्यांत जुलै उजाडतो. सोयाबीन जुलैच्या मध्यानंतर पेरून उपयोग नसतो, म्हणून पहिल्या वर्षी सोयाबीन आणि कापूस दोन्ही सोडून द्यावेत. त्यांच्या ओळींत पहिले ४०-४५ दिवस उघडी जमीन राहते आणि ती तणाला मोकळं रान देते. आम्ही दोन एकर कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी केली आणि दोन एकर ताग. कडवळाचं बी एकरी २० किलो, ओळी नऊ इंचांवर. ताग एकरी २५ किलो. दोन्ही महिन्याभरात जमीन झाकतात, आणि लव्हाळा-गाजरगवत दोघांनाही सावली सोसत नाही. ज्वारीच्या मुळांतून बारीक तणाची वाढ रोखणारं द्रव्य पाझरतं, हा वरचा फायदा. कडवळ कोवळं आणि पाण्याचा ताण बसलेलं असताना जनावराला घालू नये, विषबाधा होते. फुलोऱ्यावर आल्यावर कापावं. ताग ४५ ते ५० दिवसांनी फुलायच्या आत गाडतात, पण तो कुजायला ओल लागते. ऑगस्टमध्ये खंड पडला तेव्हा आम्ही तो गाडला नाही, कापून आच्छादन म्हणून अंथरला. कोरड्या मातीत गाडलेला ताग दसऱ्यापर्यंत काडीसारखा राहतो आणि रब्बीच्या पेरणीत फणाला गुंततो.

पहिल्या वर्षाची मोठी चूक रोटाव्हेटरची. कोपऱ्यातल्या दहा गुंठ्यांत थोडा लव्हाळा दिसला आणि माती भुसभुशीत करायला रोटर फिरवला. लव्हाळ्याचे गड्डे जमिनीखाली तारेसारख्या मुळीने एकमेकांना साखळीत जोडलेले असतात. साखळीतला पुढचा गड्डा फुटलेला असतो, तोवर मागचे झोपून राहतात. साखळी तुटली की झोपलेले सगळे जागे होतात. तीन आठवड्यांत त्या कोपऱ्यात पाऊल ठेवायला जागा राहिली नाही, आणि रोटरच्या पात्यांना चिकटून दोन गड्डे पलीकडच्या टोकालाही गेले. हराळीचंही तसंच, प्रत्येक पेराचा तुकडा म्हणजे एक रोप. ज्या रानात ही दोन तणं आहेत तिथे रोटर नको. पलटी नांगर, मोगडा आणि वखर एवढंच पुरे.

त्या दहा गुंठ्यांवर पुढे दोन वर्षं वेगळं काम केलं. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी खुरपणी किंवा कोळपणी, कारण पाती वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत खाली नवे गड्डे धरायला लागतात. त्याच्या आत पाती काढली की जुना गड्डा आपली शिदोरी खर्चून बसतो. उन्हाळ्यात जमीन पुरती वाळल्यावर नऊ इंच नांगरट आणि दर आठ-दहा दिवसांनी मोगडा, म्हणजे गड्डे आलटून-पालटून उन्हात येतात. वर आलेला गड्डा उन्हात चांगला आठवडाभर राहिला तर आतून पिवळट, सुरकुतलेला होतो आणि फुटत नाही. ढेकळाच्या पोटातला मात्र जिवंत राहतो, म्हणून ढेकूळ फोडणं महत्त्वाचं. दुसऱ्या वर्षी तिथे मका घेतला आणि लव्हाळा तीन ते पाच पानांवर असताना हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे तणनाशक, एकरी ३६ ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे दहा गुंठ्याला ९ ग्रॅम फवारलं. पाती पिवळी पडायला दहा-बारा दिवस लागतात. चौथ्या दिवशी ‘औषध लागलं नाही’ म्हणून पुन्हा फवारू नये. त्यानंतर लगेच कडधान्य घ्यायचं असेल तर पुडीवरचा मजकूर आधी वाचावा.

सौरतापनाबद्दल नेहमी विचारणा होते. ओल्या जमिनीवर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे, कडा मातीत गाडून, ताणून अंथरला तर वरच्या दोन-तीन इंचांतलं बहुतेक बी भाजून मरतं. रोपवाटिकेच्या एक-दोन गुंठ्यांना हे उत्तम. लव्हाळ्यावर त्याचा भरवसा धरू नये. त्याची टोकदार पाती कागद फोडून वर येते.

आता गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं हे तण आज मराठवाड्याच्या प्रत्येक बांधावर आहे. उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत ते पांढरं फुलतं आणि एक चांगलं वाढलेलं झाड हजारो बिया टाकतं. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर वीस-पंचवीस दिवसांनी रानाला आणि बांधाला एक फेरी, हा हिशेब. पावसानंतर माती मऊ असताना मुळासकट उपटायचं. विळ्याने कापलं तर बुडातून चार फुटवे येतात आणि तेच झाड आणखी बुटकं होऊन, विळ्याच्या खालून फुलतं.

उपटणाऱ्याच्या हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकाला कापड. खुरपणीला आलेल्या बायकांना मोजे देणं ही रान धरणाऱ्याची जबाबदारी आहे; मजुरीत ते धरलेलं नसतं म्हणून टाळू नये. या तणातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य कातडीला लागून खाज आणि चट्टे येतात, आणि एकदा ज्याला ते बाधलं त्याला पुढे नुसत्या वाऱ्यानेही त्रास होतो. अशा माणसाला या कामावर लावूच नये.

फुलायच्या आत उपटलेलं गाजरगवत रानात आच्छादन म्हणून किंवा खताच्या खड्ड्यात चालतं. फुललेलं चालत नाही. ते रस्त्यावर फेकलं तर उपटल्यावरही बी पक्व होऊन गळतं. तीन फुटी खड्ड्यात टाकून वर फूटभर माती द्यायची. जनावरांच्या वाटेवर ढीग लावू नये. टंचाईत जनावरं खातात आणि दुधाला कडवट वास येतो.

रस्त्याच्या कडा, नाल्याचा काठ, गायरान इथे माणसाचे हात पुरत नाहीत. तिथे मेक्सिकन भुंगा सोडला. हा कीटक १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणला गेला आणि परीक्षणानंतर सोडला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून तो मिळवता येतो. जूनमध्येच नोंदणी करावी. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, पांढुरक्या पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस नसलेल्या संध्याकाळी, एका ठिकाणी ५०० च्या आसपास भुंगे सोडायचे. चार ठिकाणी शंभर-शंभर वाटून टाकले तर ते विरून जातात. जिथे सोडले तिथलं गाजरगवत उपटायचं नाही, ते त्यांचं खाद्य आहे. अळ्या आधी कोवळे शेंडे आणि कळ्या खातात, म्हणून पानं हिरवी दिसली तरी फुलं कमी होतात. पाऊस संपला की भुंगे जमिनीत शिरून झोपतात आणि पुढच्या पावसाला बाहेर येतात. तो पट्टा हिवाळ्यात नांगरायचा नाही. शेजारच्या सोयाबीनवरची कीटकनाशकाची फवारणी वाऱ्याने आली तर सगळे मरतात. पहिल्या वर्षी जेमतेम दिसले. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात नाल्याकाठी नुसत्या काड्या उभ्या होत्या. सूर्यफुलाला हा भुंगा खातो अशी भीती एके काळी फार होती. पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागांमुळे तो थोडंफार कुरतडतो असं पुढे दिसून आलं, त्यावर तो आपली पिढी वाढवत नाही.

रस्त्याच्या कडेला तरोट्याचं बीही टाकलं. नोव्हेंबर-डिसेंबरात शेंगा गोळा करायच्या, बी वाळूबरोबर पोत्यात घासायचं म्हणजे कडक साल खरवडते, आणि मेमध्ये फेकायचं. तरोटा दाट आला की गाजरगवताला उजेड मिळत नाही.

मिठाच्या पाण्याचा सल्ला अजून दिला जातो : लिटरला २०० ग्रॅम मीठ. तण करपतं हे खरं. पण गाळाची माती चिकण असते, मीठ पावसाने उतारावर वाहून त्यात गेलं की ती घट्ट बसते, निचरा थांबतो आणि रान चोपण व्हायला लागतं. ट्रॉल्या भरभरून आणलेल्या गाळाची माती अशी बिघडवू नये.

तणनाशकं फसतात ती बहुतेक मोजमापात. आधी एक गुंठा, म्हणजे ३३ बाय ३३ फूट आखून, नेहमीच्या चालीने साधं पाणी फवारून बघायचं. चार लिटर लागलं तर एकराला १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे दहा पंप. एकरी ४०० मिली औषध असेल तर पंपाला ४० मिली. ‘एक झाकण’ हे माप नव्हे. दुसऱ्या वर्षीच्या सोयाबीनला पेरणीनंतर ४८ तासांच्या आत पेंडीमेथॅलिन ३० टक्के, एकरी सव्वा लिटर, २०० लिटर पाण्यातून, ओल्या जमिनीवर मागे सरत फवारलं. कोरड्या ढेकळांवर ते नुसतं पडून राहतं. पुढे तण दोन-तीन पानांवर असताना इमॅझेथापायर १० टक्के, एकरी ४०० मिली.

ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले आणि फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांकडूनच करायची असं ठरवलं. त्यामुळे वापरण्याआधी तालुका कृषी कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावा. उभ्या पिकात ते चालत नाही. बांधावरच्या हराळीसाठीच त्याचा विचार होतो. आपल्याकडे ते फसण्याचं कारण हवामान. मे महिन्यात हराळी तहानलेली, धुळीने माखलेली असते; पान औषध आत घेत नाही आणि घेतलं तरी मुळाकडे जात नाही. सप्टेंबरच्या पावसानंतर, वीतभर कोवळी वाढ असताना पानातला रस खाली काशांकडे वाहतो, तेव्हाच औषधही खाली पोचतं. पाणी स्वच्छ हवं. गढूळ पाण्यातली चिकणमाती ग्लायफोसेटला बांधून टाकते, बोअरच्या जड पाण्यातला चुनाही तेच करतो. म्हणून लिटरला २० ग्रॅम अमोनियम सल्फेट आधी विरघळवून मग औषध मिसळतात. फवारल्यावर सहा तास पाऊस नको आणि पंधरा दिवस नांगर नको.

तिसऱ्या वर्षी तूर आणि बाजरी होती, रब्बीला दोन एकर ज्वारी. मळणी यंत्र दुसऱ्या गावाहून आलं, तेव्हा ते रिकामं पाच मिनिटं फिरवून, खाली ताडपत्री अंथरून, आतलं जुनं भूस आणि बी काढून घेतलं. ताडपत्रीवर गोखरूची फळं पडली. शेणखतही आता ढीग दोनदा पालटून, आतून हात ठेवता येणार नाही इतका तापल्याशिवाय रानात जात नाही.

पहिल्या वर्षी उपटलेलं गाजरगवत ट्रॉलीने वाहिलं. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या फेरीत दीड पोतं भरलं, तेही रस्त्याकडच्या धुऱ्यावरचं. लव्हाळ्याच्या दहा गुंठ्यांपैकी पाच मोकळे झालेत, पाचांत अजून सुया दिसतात. भरलेल्या ओघळीच्या खालच्या टोकाला, जिथे पाण्याने वरचा गाळ थोडा कापला आहे, तिथे नोव्हेंबरात पांढऱ्या शिरांची काटेरी पानं वर आली. पिवळा धोतरा, सतरा रोपं. एकही कळी धरायच्या आत कुदळीने मुळासकट काढली, कापल्या जागी दगडांची पौळ लावली आणि वर चार टोपल्या मुरूम दाबला. जानेवारीत पुन्हा बघायचं आहे.